वेणीचा नवस

डिसेंबरातला दुसरा मंगळवार, सकाळ, वडशाच्या पुढे तलावाकाठचं एक गाव. हजर: मुलीचा आजा, मुलीची आई, बाप, माहेरपणाला आलेली आत्या, गावची आशाताई, आमच्या गाडीचे चालक भाऊ आणि मी. गैरहजर: जिच्यासाठी आम्ही जमलो होतो ती सात वर्षांची मुलगी. ती तलावाच्या पाळीवर बोरं वेचायला गेली होती. तिला बोलावू नका, असं मीच सांगितलं.

बैठक कुठलीही असो, आधी हजेरी लिहायची ही माझी सवय. घरी किराण्याची यादी वेगळी, दुरुस्त्यांची वेगळी आणि फोन करायच्या माणसांची वेगळी असते. नवरा म्हणतो, तू वर गेलीस तरी आधी तिथली हजेरी घेशील. म्हणू दे. मी मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहे. नागपूरला रक्ताच्या कर्करोगाचे उपचार सुरू करून जी मुलं आमच्या भागात परततात, त्यांच्या पुढच्या गोळ्या, सुया, रक्ताच्या तपासण्या आणि तारखा सांभाळणं हे गेली काही वर्षं माझं काम आहे. या कामात याद्या नसतील तर मुलं हातातून निसटतात.

नोकरीला लागले तेव्हा मला सांगितलं गेलं होतं की हा रोग आपल्या खेड्यांत फारसा नाही, तो शहरातल्या खात्यापित्या घरांत होतो. मी ते बरीच वर्षं खरं मानलं. मग एक एक मूल येत गेलं तसं लक्षात आलं की रोग कमी नव्हता, तो आमच्यापर्यंत पोहोचत नव्हता. जंगलाच्या भागात ताप आला की आधी मलेरिया आठवतो. आईबापांनाही तोच आठवतो, आम्हालाही. बोटाला टोचून रक्त बघायचं, गोळ्या द्यायच्या. पोर पांढरं पडलं तर सिकलसेल बघायचा. पाय दुखतात म्हणालं तर दिवसभर हुंदडतं म्हणून दुखत असतील. अंगावर निळे डाग दिसले तर कुठेतरी पडलं असेल. यातलं प्रत्येक कारण बहुतेक वेळा खरंच असतं, म्हणून तर त्यामागे दडलेलं दुसरं कारण दिसत नाही.

अहेरीकडून येणारं मूल आधी गावच्या पुजाऱ्याकडे जाऊन आलेलं असतं, त्यात पावसाळ्यात नाले भरले तर आणखी उशीर. राजुऱ्याकडचं मूल लवकर पोहोचतं, पण त्याचा बाप पहिल्याच भेटीत विचारतो, कोळशाच्या धुळीनं झालं का हो? मी खरं तेच सांगते, की याच मुलाला का झाला ते कोणालाच सांगता येत नाही. मुली कमी येतात. हा रोग मुलींना थोडा कमी होतो असं पुस्तकात आहे, पण आमच्या दारात जेवढ्या कमी येतात तेवढा कमी होत नसणार. मुलीचा ताप घरातच जास्त दिवस थांबतो.

सगळ्यात मोठी गळती मात्र उपचार लागू पडल्यानंतर होते. हे मला समजायला वेळ लागला. आजारी मुलाला सोडून देणारे आईबाप मी क्वचितच पाहिले. चांगल्या दिसणाऱ्या मुलाचे उपचार सोडणारे पुष्कळ पाहिले.

उपचाराची रीतच तशी आहे. पहिले काही महिने नागपूरला राहायचं. तोंड येतं, ताप येतो, केस जातात. मग रक्त स्वच्छ दिसायला लागतं आणि मूल घरी येतं. त्यानंतर साधारण दोन वर्षं गोळ्या. एक रोजची आणि दुसरी आठवड्यातून एकदा. ही दुसरी चुकून रोज दिली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून आम्ही ती बाजाराच्या दिवसाला बांधून टाकली. गावात वार कोणी विसरेल, बाजार कोणी विसरत नाही. आता घरोघर ‘रोजची’ आणि ‘बाजारची’ हीच नावं पडली आहेत. मध्येमध्ये एखादी सुई आणि रक्ताची तपासणी. मूल खेळतं, शाळेत जातं, भांडतं, त्याला केस येतात आणि गोळ्या चालूच असतात. याच काळात रोग पुन्हा उठला तर तो पहिल्यापेक्षा हट्टी असतो.

ही मुलगी तलावात आणि नदीत मासे धरणाऱ्या घरातली. एक पावसाळाभर तिला ताप येत-जात होता. मलेरियाच्या तपासणीत दर वेळी काही निघायचं नाही. शेवटी आशाताईला तिच्या हिरड्यांतून रक्त येताना दिसलं आणि तिनं पोरीला आमच्याकडे पाठवलं. आई तिच्याबरोबर नागपूरला राहिली. परत आली तेव्हा पोरीच्या डोक्यावर एक केस नव्हता. आजा तिच्याकडे पाठ करून बसला, असं आत्यानं मला नंतर सांगितलं. पुढच्या दिवाळीपर्यंत केस आले. आधी सरळ होते, आता कुरळे आले. ‘हे आपल्या घरचे केस नाई, नागपूरचे आहे,’ आत्या म्हणायची.

मग एके दिवशी आशाताईचा फोन आला.

‘शिस्टर, मंडई झाली का दुसऱ्या दिवशी जेवाले या म्हनते आजा. बकरा आहे.’

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटक असतं, घरी पाहुणे असतात. मला वाटलं, त्याचंच जेवण असेल. तरी निमित्त विचारलं.

‘पोरीचे केस वाहाचे आहे मातामायले. नवस फेडून राह्यले.’

मातामाय म्हणजे गावदेवी. मला बरं वाटलं. घरातलं पोर वाचल्यावर लोकांनी जेवण घालावं यासारखी चांगली गोष्ट नाही. कॅलेंडरवर तारखेला गोल केला. तेवढ्यात आशाताई आवाज खाली करून म्हणाली, ‘अन् त्या दिवसपासून गोळ्या बंद करते म्हनते.’

म्हणून तो मंगळवार. मंडई शनिवारी होती.

अंगणात आजा जाळं विणत बसला होता. बकरा चिंचेला बांधलेला होता. आम्हाला बाज दिली, कोरा चहा आला. आई चहा देऊन आमच्याकडे पाठ करून चुलीपाशी बसली. बाप भिंतीला टेकून उभा राहिला. मी मनात मुद्दे लावून आले होते: आधी कौतुक, मग रोगाचं, मग गोळ्यांचं. आजानं मला पहिल्या मुद्द्यालाही हात लावू दिला नाही.

‘बाई, तुमच्यामुळं पोरगी हातात आली. मी नाई म्हनत नाई. पन आता चांगली झाली न? मंग चांगल्या लेकराले गोळी काऊन चारा लागते?’

‘भाऊ, रोग दिसत नाही, पण आत थोडा दडून राहतो.’

‘रक्त पाह्यलं न तुमी? कागदावर काय आलं?’

‘कागदावर चांगलं आलं.’

‘मंग कागद खोटा का?’

चालक भाऊंनी चहाच्या कपात तोंड लपवलं. मी तलावाकडे हात केला. हे उदाहरण मी गाडीत बसून जुळवलं होतं आणि मला ते फार आवडलं होतं.

‘भाऊ, उन्हाळ्यात तलाव आटतो. वरून पाहिलं तर एक मासा दिसत नाही. पण चिखलात मरळ असते ना?’

‘असते. वीत-दीड वीत खाली.’

‘पाणी आलं की काय करते?’

‘वर येते. पिल्लं देते.’

‘बस, तसंच आहे हे. रक्त वरून स्वच्छ दिसतं. चिखलात राहिलेली ती मरळ संपेपर्यंत गोळी द्यायची.’

आजानं हातातली सुई खाली ठेवली. माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्याच्या घरात काहीतरी घाण बोलले होते.

‘चिखलातली मरळ आमी काढत नाई, बाई. माह्या बापानं बी नाई काढली. थे बीज असते. थेबी काढली त पुढच्या साली खाचं काय?’

आत्यानं पदर तोंडाला लावला. ‘शिस्टर, तुमी ढिवराले मासा शिकवाले आल्या.’

माझं उदाहरण तिथंच बुडालं. रोग म्हणजे बीज नाही, ते ठेवायचं नसतं, वगैरे मी सांगायला लागले. आजानं हात वर केला.

‘समजलो मी. म्हातारा आहो, येडा नाई. रोग ठेवा असं मी म्हनत नाई. पन तुमी माही गोष्ट आयका. मातामायले मागतलं, तिनं देल्लं. आता तिचं तिले देऊन मोकळं व्हाचं. देल्ल्यावर बी दुसऱ्या दिवशी गोळी चारली, त थे काय म्हनन? माह्यावर भरोसा नाई म्हनन. अन् थे नाराज झाली त मी कोनाकडे जाऊ? तुमच्याकडे येऊ? तुमी त म्हनता, का झाला थेच मालूम नाई.’

तो हट्टानं बोलत नव्हता. त्याची नात वाचली होती आणि ती पुन्हा जाऊ नये म्हणून त्याला जे सुचत होतं ते तो करत होता. मीही तेच करायला आले होते. फक्त त्याच्या वाटेनं गेलं तर ती जाणार होती, हे मला माहीत होतं.

‘नवस पुढे ढकलता येतो का?’ मी विचारलं.

‘केस आले न. आल्यावर ढकलनं म्हंजे चुकवनं.’

‘बाबा, पुढच्या साली मोठं जेवन...’ बाप पहिल्यांदाच बोलला.

‘तू चूप.’

आशाताई मान खाली घालून बसली होती. तिला याच गावात राहायचं होतं. मी मनातल्या मनात हिशेब करत होते की बंद करणारच असतील तर निदान रक्त तपासायला तरी येत राहतील का. म्हणजे मी हरल्यातच जमा होते. तेवढ्यात आत्या सहज बोलल्यासारखी म्हणाली, ‘वहिनीले त विचारा. नवस तिनं बोलला, आपन काहाले भांडून राह्यलो?’

सगळे चुलीकडे पाहायला लागले. नवस नागपूरला, पोरीला भरती केलं त्या दिवशी, आईनं बोलला होता. ती घरी आली आणि सासऱ्याला तेवढं कळलं की केसांचा नवस आहे. पुढचं त्यानंच ठरवलं होतं.

आईनं डोक्यावरचा पदर नीट केला. वळली नाही.

‘मी केस नाई बोलली, मामाजी. मी वेणी बोलली.’

‘काय बोलली थे पुरं सांग.’

‘मातामाय, माह्या पोरीच्या डोक्यावर वेणी येऊ दे, थेच वेणी तुह्या पायापाशी आनून देईन. असं बोलली.’

‘कशी वेणी?’

‘रिबिन बांधलेली. शाळेतल्या पोरी घालते तशी.’

पोरीचे केस तेव्हा जेमतेम कानाला टेकत होते.

‘त्या केसाची वेणी?’ आत्या म्हणाली. ‘त्याची त दाढी बी होत नाई.’

आजा हसला नाही. पण त्यानं जे केलं ते मला अजून लख्ख आठवतं. त्यानं बोटात गुंतलेला दोरा सोडवला आणि मुलाला म्हणाला, ‘रविवारचं जेवन नाई. सांगून ये सगळ्याइले.’

‘बाबा, मंग बकरा?’

‘बकरा वाढन.’

नवसाचा नियम त्या घरात पक्का होता. जसा बोलला तसाच फेडायचा. कमी चालत नाही, वेगळा चालत नाही. केसांऐवजी वेणी म्हटल्यावर आत्ता कानापर्यंतचे केस वाहणं म्हणजे देवीला फसवणं झालं असतं. मी गोळ्यांचं विचारलं. तो म्हणाला, ‘नवस फिटला नाई तवर काम चालूच न, बाई. चारा.’ मला एवढंच हवं होतं, आणि ते मी एकही मुद्दा न मांडता मिळालं. नाही म्हणायला एक मांडला होता, मरळीचा.

गाडीपर्यंत सोडायला आलेल्या आशाताईला मी विचारलं, तिनं वेणीचं आधी कधी ऐकलं होतं का.

‘मी त केसच आयकलं होतं,’ ती म्हणाली.

‘बाई,’ चालक भाऊ समोर बघत म्हणाले, ‘झालं थे झालं. आता उगाच उकरू नका.’

मी उकरलं नाही. आईला आजही विचारलेलं नाही.

त्यानंतर एक वर्ष गेलं. मुलगी सुईसाठी आईबरोबर यायची, बाकावर बसून पाय हलवायची, दुसऱ्या मुलांना घाबरवायची की सुई एवढी मोठी असते. तिचं वजन वाढलं. वर्गात एकीशी मारामारी करून आली तेव्हा मास्तरांनी चिठ्ठी दिली आणि आईनं ती मला प्रशस्तिपत्रासारखी दाखवली. एकदा आजानं चालक भाऊंबरोबर माझ्यासाठी मरळ पाठवली, वर निरोप: ‘शिस्टरले सांगा, हे चिखलातली नाई.’ मी ती धणे-लसूण वाटून रश्शात केली. नवऱ्यानं दोनदा वाढून घेतली.

एका खेपेला मुलगी माझ्याकडे तक्रार घेऊन आली. ‘आई वेणी घालू देत नाई. घडीघडी केस कातरते.’

मी आईकडे पाहिलं. केस खांद्याला यायला हवे होते, मानेशीच थांबले होते. टोकं एकसारखी, ताजी कापलेली होती.

‘टोकं फुटते, शिस्टर,’ आई म्हणाली. माझ्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली.

‘कातरत जा,’ मी म्हटलं. ‘कातरले की दाट येतात.’

दाट येतात हे खरं नाही, मला माहीत आहे. पण आमच्यापैकी गोळ्यांची सगळ्यात जास्त काळजी कोणाला होती, हे त्या दिवशी कळलं.

त्या मंगळवारनंतर मी माझी कामाची रीत थोडी बदलली. पूर्वी पहिल्या भेटीत मी ताप, वजन, रक्तगट, घरात कोण, बस कुठून मिळते एवढंच विचारायची. आता विचारते, नवस बोललात का? आणि काय बोललात, शब्दाला शब्द सांगा. बहुतेक जण आधी हसतात, मग माझ्याकडे नीट बघतात आणि मग सांगतात. एकानं ‘पोरगा चालत मंदिरात येईल’ असं बोललं होतं. तो पोरगा तिसऱ्याच महिन्यात धावायला लागला होता, आणि मी वेळेत विचारलं म्हणून नवसाचं जेवण आणि गोळ्यांचा शेवट या दोन गोष्टी आम्ही बसून वेगळ्या केल्या. त्याच्या आजीनं सांगितलं की देवाला प्रसाद दिला तरी आपण आपला भात शिजवणं सोडत नाही, तसं गोळीचं. हे उदाहरण मात्र तिचं होतं, म्हणून ते चाललं. मी ते उचललं आणि पुढच्या घरी वापरलं, तिथंही चाललं. सगळ्याच घरी असं होत नाही. काही घरी मी पोहोचते तेव्हा बकरा कापून झालेला असतो.

नागपूरचे डॉक्टर म्हणतात, तलावाकाठच्या मुलीचं सगळं असंच नीट चाललं तर पोळ्यानंतर गोळ्या बंद करता येतील. हे मी आईला सांगितलं. त्यानंतर तिनं केस कापलेले दिसत नाहीत.

आता मध्ये फक्त मिरची आहे. धान निघाला की इकडची कुटुंबं तेलंगणात मिरची तोडायला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. यंदा मुलीचे आईबाप निघाले आहेत आणि मुलगी सोबत जाणार आहे. आजा म्हणाला, मी ठेवून घेतो, गोळ्या चारतो. पण त्याला डोळ्यांनी कमी दिसतं, आणि दोन्ही गोळ्या पिवळ्याच. आत्याच्या सासरी ठेवायचं तर तिथं आधीच माणसं जास्त. शेवटी आई म्हणाली, ‘माह्या हातानंच चारतो, शिस्टर. दुसऱ्याच्या हाताचा मले भरोसा नाई.’ त्यावर कोणी वाद घातला नाही.

गोळ्या मी दोन वेगळ्या डब्यांत भरून दिल्या आहेत, एकावर लाल दोरा. तिकडचा बाजार वेगळ्या वारी असतो, म्हणून आईनं स्वतःच सांगितलं की बाजारची गोळी आपल्याच गावच्या वारी द्यायची, तिथं कोणताही बाजार भरो. ताप आला तर काय करायचं ते तिला पाठ आहे. एक सुई ती निघायच्या आधीच मी उरकून घेतली. मधली एक सुई आणि रक्ताची तपासणी मात्र तिकडेच करावी लागेल, ती टाळता येत नाही. सिरोंच्याच्या आमच्या एका सिस्टरला तेलुगू येतं. तिनं कबूल केलं आहे की गाव कळलं की ती जवळचा दवाखाना शोधून त्यांच्याशी बोलून ठेवेल.

गाव मात्र कळलेलं नाही. त्यांना नेणारा मुकादम सांगत नाही. म्हणतो, गाडीत बसल्यावर कळेल, आधी सांगितलं तर लोक दुसऱ्या मुकादमाबरोबर जातात. दोनदा फोन केला. एकदा त्यानं उचलला नाही, एकदा उचलला आणि मला बिया-खताची कंपनी समजून ठेवून दिला. गाडी सोमवारी निघते. आज जेवणानंतर त्याला पुन्हा फोन करायचा आहे.